पुण्यातून बायथलॉनमध्ये करिअर करायचं असेल तर

बायथलॉन म्हणजे बर्फावर स्की चालवत मधे मधे रायफलने नेम मारायची शर्यत. पालक मुलाला त्यासाठी माझ्याकडे घेऊन येतात आणि पहिला प्रश्न बर्फाचा विचारतात. पुण्यात बर्फ पडत नाही, मग हा खेळ इथे सुरू कसा करायचा? माझं उत्तर ठरलेलं आहे. बर्फाचं सोळाव्या-सतराव्या वर्षी बघू. त्याआधी बघायचं ते पोराचा दम किती आहे, आणि दम लागलेला असताना त्याचा हात स्थिर राहतो का. या दोन्ही गोष्टी पुण्यात घडवता येतात. तिसरी गोष्ट पालकांनी बघायची: पोरगं पंचविशीचं होईपर्यंत त्याचा पगार कुठून येणार? चांगली चांगली पोरं या तिसऱ्या प्रश्नापाशी खेळ सोडतात, म्हणून त्यावर मी पुढे सविस्तर लिहिलं आहे.

मी मूळचा जावळी तालुक्यातला. मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. गुलमर्गच्या लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये पहिल्यांदा पायाला स्की बांधल्या आणि पुढे रायफल पाठीवर घेऊन शर्यती केल्या. निवृत्तीनंतर धानोरीत राहतो आणि थोड्या पोरापोरींना शिकवतो. खाली लिहिलंय ते त्यांच्या आईवडिलांना मी समोर बसवून सांगतो तेच.

आधी खेळाचं गणित

बायथलॉन म्हणजे एकाच शर्यतीत क्रॉस-कंट्री स्कीइंग आणि रायफल नेमबाजी. रायफल .२२ ची, वजन किमान साडेतीन किलो, आणि ती शर्यतभर पाठीवरच असते. नेम ५० मीटरवरून. दर खेपेला पाच गोळ्या आणि पाच निशाणं. आडवं पडून मारताना निशाण ४५ मिलिमीटरचं, उभ्याने मारताना ११५ मिलिमीटरचं. स्प्रिंट शर्यत पुरुषांना १० किलोमीटर आणि महिलांना ७.५ किलोमीटर, त्यात दोन वेळा गोळीबार: एकदा आडवं, एकदा उभं. निशाण चुकलं की १५० मीटरचा दंडाचा फेरा. त्यात जागतिक दर्जाच्या खेळाडूचेही वीस-पंचवीस सेकंद जातात. इंडिव्हिज्युअल शर्यतीत चार वेळा गोळीबार असतो आणि तिथे फेरा नसतो, प्रत्येक चुकीमागे वेळेत सरळ एक मिनिट वाढतं.

हे आकडे पोरांना पाठ करायला लावतो, कारण सगळा सराव यातूनच निघतो. स्प्रिंटमध्ये दोन निशाणं चुकली तर पन्नासेक सेकंद गेले. ते पायाने भरून काढायचे तर १० किलोमीटरभर दर किलोमीटरला पाच सेकंद जास्त वेगाने जावं लागेल, आणि वरच्या पातळीवर तेवढा वेग कुणाकडे शिल्लक नसतो. उलट बाजूने, पाचही निशाणं पाडली पण मिनिटभर पडून राहिला, तोही मागेच राहतो. चांगला खेळाडू पाच गोळ्या पंचवीस-तीस सेकंदांत संपवतो.

मग आधी काय घडवायचं, नेम की दम? मी दम म्हणतो. जर्मनीच्या डेनिस हेरमान यांनी २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री रिलेचं कांस्यपदक मिळवलं होतं. रायफल त्यांनी त्यानंतर हातात घेतली आणि २०२२ मध्ये बीजिंगला बायथलॉनच्या १५ किलोमीटर शर्यतीत सुवर्णपदक जिंकलं. नेम विशीनंतरही बसतो. लहानपणी न कमावलेला दम मात्र नंतर पैसे टाकून मिळत नाही.

चौदाव्या वर्षापर्यंत

या वयात बायथलॉन असं नाव घेऊन काही करू नका. दोनच गोष्टी नियमाने करा: इनलाइन स्केटिंग आणि टेकडी.

बायथलॉनमध्ये स्की स्केटिंगच्या पद्धतीने चालवतात. एका पायावर सगळं वजन घेऊन घसरायचं, मग बाजूला रेटा देऊन दुसऱ्या पायावर जायचं. पुण्यात इनलाइन स्केटिंगचे वर्ग जवळपास प्रत्येक उपनगरात आहेत. तिथे चार वर्षं घाम गाळलेलं पोर रोलर स्कीवर फार लवकर उभं राहतं, कारण एका पायावरचा तोल त्याच्या अंगात आधीच मुरलेला असतो. वर्गाच्या सरांना सांगा की पदकापेक्षा एका पायावर जास्तीत जास्त वेळ घसरणं शिकवा.

टेकडी कुठलीही चालेल. कोथरूडकरांना वेताळ टेकडी, सहकारनगरला तळजाई, आमच्याकडे दिघीची. महिन्यातून एकदा सिंहगड, आतकरवाडीकडच्या पायवाटेने. चढ साधारण सहाशे मीटरचा. सिंहगडावर पुणेकर किती मिनिटांत चढलो ते एकमेकांना सांगतात. आपल्या पोरांना ते करू देऊ नका. त्यांनी गप्पा मारत चढलं पाहिजे, बोलताना वाक्य तुटलं तर वेग कमी करायचा. हळू आणि लांब, हाच दमाचा पाया. मोठे खेळाडू वर्षाला सातशे ते नऊशे तास सराव करतात आणि त्यातला बहुतांश याच सौम्य वेगात असतो. पंधराव्या वर्षानंतर हातात स्कीचे पोल, म्हणजे काठ्या, द्या आणि चढावर लांब टांगा टाकत, पोलने रेटा देत चढायला शिकवा. खांदे, पोट आणि पाठ यातून तयार होतात.

शाळेतून किंवा क्लबमधून लेझर-रन खेळायची संधी मिळाली तर सोडू नका. पळत यायचं, १० मीटरवरून लेझर पिस्तुलाने पाच निशाणं पाडायची, पुन्हा पळायचं. धाप लागलेली असताना नेम धरण्याची पहिली ओळख तिथेच होते, तीही परवान्याशिवाय.

नेमबाजी: बालेवाडीचा उपयोग

नेमबाजीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात रेंज आहे. स्वप्नील कुसळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं आणि उभं) कांस्यपदक मिळवलं. तो पुण्यातच रेल्वेत नोकरी करत होता आणि सराव बालेवाडीत करत होता. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे आडवं पडून मारायच्या प्रकारात, विश्वविजेत्या झाल्या. तीच .२२ ची गोळी, तेच ५० मीटर. म्हणजे ज्या प्रकारात महाराष्ट्राने जगाला नेमबाज दिले, तोच आपल्या खेळाचा अर्धा भाग आहे.

पोराला तेराव्या-चौदाव्या वर्षी चांगल्या क्लबात एअर रायफलला घाला आणि दोन वर्षं मूळ गोष्टी पक्क्या होऊ द्या: डायऑप्टरमधून (रायफलवरच्या बारीक भोकाच्या मागच्या साइटमधून) बघणं, ट्रिगर सरळ मागे दाबणं, श्वास नैसर्गिकपणे थांबतो त्या क्षणी गोळी सोडणं. फक्त प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा की याला पुढे बायथलॉन करायचं आहे. रेंजवरचे नेमबाज कडक जॅकेट आणि पँट घालतात, त्या कपड्यांवर शरीर टेकवतात. बायथलीटच्या अंगावर पातळ सूट असतो. त्या जॅकेटची सवय लागली की ती मोडायला फार वेळ जातो, म्हणून माझी पोरं साध्या टी-शर्टवर उभं राहून मारतात. गुण कमी पडतात, पडू देत.

५० मीटरची रेंज रोज मिळत नाही. म्हणून हे करा. ५० मीटरवरचं ४५ मिलिमीटरचं निशाण डोळ्याला जेवढं दिसतं, तेवढंच १० मीटरवर ९ मिलिमीटरचं दिसतं. उभ्याचं ११५ मिलिमीटरचं निशाण १० मीटरवर २३ मिलिमीटरचं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर ९ मिलिमीटरचे पाच काळे गोल एका ओळीत काढा, खाली २३ मिलिमीटरचे पाच. एअर रायफलच्या रेंजवर हाच पुठ्ठा लावा. घरी बिनगोळीचा सराव करताना पाच मीटर जागा असेल तर मापं आणखी निम्मी करा. बिनगोळीचा सराव रोज वीस मिनिटं: एका निशाणावरून पुढच्यावर जाणं, मधे एक श्वास, पुन्हा ट्रिगर. वरच्या पातळीवरचे खेळाडू वर्षाला दहा हजारांहून जास्त गोळ्या मारतात. तेवढ्या गोळ्या आपल्याला परवडत नाहीत, त्यामुळे आपली बरीचशी भिस्त बिनगोळीच्या सरावावर आहे.

मग दम आणि नेम एकत्र. इमारतीचा जिना चार मजले चढा, चौथ्या मजल्यावर चटई टाकलेली असू दे. शेवटचा मजला वेग थोडा कमी करून चढायचा, कारण शर्यतीतही खेळाडू रेंजच्या आधी वेग उतरवतात. चटईवर आलं की दोन खोल श्वास आणि पहिला ट्रिगर. ठोके १६०-१७० वर असताना रायफल छातीच्या ठोक्यासरशी हलते. ती हलणार नाही अशी वाट बघत बसू नका. ती कशी हलते ते ओळखायचं आणि त्यातला शांत क्षण पकडायचा. हे कुणी सांगून येत नाही, शेकडो वेळा केल्यावर बोटाला कळतं.

सुरक्षेबद्दल मी कडक आहे. बिनगोळीच्या सरावाआधी चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) रिकामा आहे ना ते दोघांनी तपासायचं, तेही मोठ्या माणसाच्या उपस्थितीत. नळी नेहमी निशाणाकडे किंवा वर. शर्यतीतही सुरक्षेचा नियम मोडला की खेळाडू बाद होतो. टेकडीवर किंवा रस्त्यावर रायफल न्यायची नाही, एअर रायफलसुद्धा नाही. लोक घाबरून पोलिसांना बोलावतात आणि त्यांचं बरोबरच असतं. पाठीवर वजनाची सवय करायची तर सॅकमध्ये साडेतीन किलो तांदूळ भरा, तेही सोळाव्या वर्षानंतर.

.२२ च्या रायफलला शस्त्र परवाना लागतो. स्वतःच्या नावावर परवाना साधारणपणे वयाच्या २१ वर्षांनंतर मिळतो. पुण्यात त्याचं काम पोलीस आयुक्तालयात चालतं. तोपर्यंत क्लबची रायफल, क्लबची रेंज आणि प्रशिक्षक समोर. बायथलॉनची खास रायफल, जिचा बोल्ट एका बोटाने सरळ मागे ओढता येतो, ती बहुतेकांकडे जर्मनीच्या आनशुट्झ कंपनीची असते. किंमत लाखांत जाते, शिवाय आयातीचे सोपस्कार वेगळे. विशीच्या आधी तिचा विचारसुद्धा करू नका.

रोलर स्की

पंधराव्या-सोळाव्या वर्षी रोलर स्की घ्या. पुढे-मागे एकेक चाक असलेली लांब पट्टी, बूट फक्त पुढून अडकतो, टाच मोकळी. पोलची लांबी उंचीच्या नव्वद टक्के: १७० सेंटिमीटरच्या पोराला १५३ सेंटिमीटरचे पोल.

सर्वसाधारण रोलर स्कीला ब्रेक नसतो. हे वाक्य पालकांनी दोनदा वाचावं. म्हणून आम्ही चढ रोलर स्कीवर चढतो आणि उतार स्की काढून, हातात घेऊन, चालत उतरतो. हेल्मेट, गुडघ्याचं आणि कोपराचं संरक्षण, अंगात भडक रंगाचं जाकीट, आणि मागे एक पालक सायकलवर. वेळ रविवारची पहाट, रस्ता नव्या डांबराचा आणि रहदारी नसलेला. पुण्यात असे रस्ते शोधावे लागतात आणि एका पावसाळ्यात खराबही होतात. जून ते सप्टेंबर ओल्या डांबरावर पोलची टोकं निसटतात आणि खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, त्यामुळे त्या महिन्यांत रोलर स्की बंद. पावसाळा टेकडीचा, व्यायामशाळेचा आणि रेंजचा.

बर्फ

सोळाव्या-सतराव्या वर्षी पहिला बर्फ. झेलम एक्सप्रेस पुण्याहून थेट जम्मू तवीला जाते, तिथून पुढे गुलमर्ग. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. उत्तराखंडात औली आणि हिमाचलात सोलंग आहेच. या ठिकाणचे प्राथमिक अभ्यासक्रम मुख्यतः आल्पाइन स्कीइंगचे असतात, म्हणजे उतारावरचे, टाच बांधलेले. तरीही एक अभ्यासक्रम जरूर करा. बर्फावर पडणं, उठणं, थांबणं कळतं. त्यानंतर मात्र नॉर्डिक स्कीवर, म्हणजे टाच मोकळी असलेल्या क्रॉस-कंट्रीच्या स्कीवर, कोण शिकवेल याची आगाऊ चौकशी करून मगच तिकीट काढा.

पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरवर, गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर. पहिले तीन दिवस फक्त चालणं आणि सौम्य सराव. पोरं उत्साहात पहिल्याच सकाळी जोर लावतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. नाकातोंडावर बफ (गळ्यातून वर ओढायची कापडी पट्टी) हवाच: थंड कोरडी हवा जोरात ओढून स्कीपटूंना दम्यासारखा त्रास होतो आणि तो बऱ्याच जणांना होतो. खोकला आठवडाभर राहिला तर डॉक्टरांना दाखवा. ट्रिगरच्या हाताला पातळ मोजा, त्यावर जाड मोजा, आणि बोट बधिर झालं तर गोळी मारायची नाही.

गुलमर्गला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २०२० पासून होते आणि त्यात नॉर्डिक स्कीइंग असतं. पहिलं ध्येय ते ठेवा. तिथे लष्कराच्या आणि पहाडी भागातल्या पोरांबरोबर पळल्यावर आपलं पोर कुठे आहे ते नेमकं कळतं.

पगार

आता मुख्य गोष्ट. हा खेळ लष्करी गस्तीतून आला. १९२४ च्या शामोनीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये मिलिटरी पेट्रोल, म्हणजे सैनिकी गस्ती पथकांची स्की आणि नेमबाजीची शर्यत, होती. पुरुषांचं बायथलॉन १९६० पासून, महिलांचं १९९२ पासून. आणि आजही युरोपातले बरेच बायथलीट गणवेशातलेच आहेत. जर्मनीचे खेळाडू सैन्यात किंवा सीमाशुल्क खात्यात नोकरीला असतात. इटलीची डोरोथिया वीरर त्यांच्या आर्थिक पोलीस दलाची खेळाडू. टीव्हीवर बक्षिसाचे धनादेश दिसतात, पण पहिल्या काही क्रमांकांच्या खालच्या माणसाचं घर महिन्याच्या पगारावर चालतं.

आपल्याकडेही वाट तीच. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये १५ किलोमीटर क्रॉस-कंट्री शर्यत पूर्ण करणारे जगदीश सिंग लष्करातलेच. २०२२ पर्यंतच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बायथलॉनला भारताचा कुणीही नव्हता. म्हणजे जागा रिकामी आहे, आणि मळलेली वाटही नाही. दोन्ही खरं आहे.

लष्करात गेलात तर बर्फ, स्की, रायफल आणि जेवण सरकारचं. पण नीट विचार करा: २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत भरती साडेसतराव्या वर्षापासून होते, सेवा चार वर्षांची आणि त्यानंतर कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. बायथलीट खरा पिकतो पंचविशीनंतर. नॉर्वेचा ओले एयनार ब्योर्नडालेन चाळिशीतही ऑलिंपिक पदकं मिळवत होता. त्यामुळे चार वर्षांत काय करून दाखवायचं याची तयारी भरतीच्या आधीच हवी. रोलर स्की, दम आणि नेम घेऊन गेलेला पोरगा युनिटच्या नजरेत पहिल्या हिवाळ्यातच भरतो. मुलींनी इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाकडे आवर्जून बघावं. औलीला त्या दलाची गिर्यारोहण आणि स्कीइंगची स्वतःची संस्था आहे. खेळाडू कोट्याची जाहिरात आली की त्यात कोणते खेळ आहेत ते शब्दन् शब्द वाचा आणि मगच अर्ज करा.

लष्कर नको असेल तर शिक्षण सोडू नका. फिजिओथेरपी, शारीरिक शिक्षण, क्रीडाविज्ञान यांपैकी काहीतरी हाती असू द्या. कर्ज काढून किंवा गावाकडची जमीन विकून पोराला परदेशी सरावाला पाठवू नका. हे मी हात जोडून सांगतो.

परदेश आणि पुढची पायरी

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळाडू स्वतः नाव देऊ शकत नाही, प्रवेशिका राष्ट्रीय संघटनेमार्फतच जाते. पायऱ्या अशा: आंतरराष्ट्रीय बायथलॉन संघटनेचा (आयबीयू) ज्युनियर कप, मग आयबीयू कप, मग वर्ल्ड कप. वर्ल्ड कपला पोहोचायला खालच्या स्पर्धांमधल्या कामगिरीची अट असते. बर्फ नसलेल्या गावाच्या पोराला मी उन्हाळी बायथलॉनचं ध्येय देतो. ते रोलर स्कीवर होतं, त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही आहे, आणि तिथे आपण डांबरावर केलेली मेहनत थेट कामी येते. एखाद्या उन्हाळ्याचे पैसे जमले तर जर्मनीतल्या ओबरहोफला जा. तिथे बंदिस्त हॉलमध्ये बाराही महिने बर्फ असतो, रेंजही जवळच आहे. एका खेपेत दोन्ही होतं.

औषधांबद्दल एक सक्त सूचना. काढे, भस्मं, जिममधली पावडर, ओळखीच्या वैद्यांनी दिलेली शक्तीची पुडी, सगळं बंद. उत्तेजकांच्या चाचणीत शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, दिलं कुणी हे विचारलं जात नाही. भाकरी, उसळ, दूध, अंडी, केळी, गूळ-शेंगदाणे यांवर सातशे तासांचा सराव होतो. मुलींचं हिमोग्लोबिन दर सहा महिन्यांनी तपासा.

एकविसाव्या वर्षी एकदा बसून हिशेब करा. तोवर पगाराची सोय झाली नसेल आणि बर्फावर शर्यतीला लागणारा वेळही दरवर्षी कमी होत नसेल, तर स्पर्धा थांबवा आणि खेळातच दुसरं काम बघा: प्रशिक्षक, रेंज अधिकारी, स्की नीट घसराव्यात म्हणून त्यांना वॅक्स (मेण) लावणारा तंत्रज्ञ. २०२३-२४ च्या हंगामापासून फ्लोरिनयुक्त वॅक्सवर बंदी आल्यावर वॅक्सच्या माणसाचं महत्त्व आणखी वाढलं. कुठल्या बर्फाला कुठलं वॅक्स लावायचं हे ज्याला कळतं, त्याच्याशिवाय संघ हलत नाही.

सुरुवात ऑक्टोबरमध्ये करा, पाऊस ओसरल्यावर. पहिल्या भेटीला मुलाची जन्मतारीख, उंची, झोपेतून उठल्यावरचे एका मिनिटाचे ठोके सात दिवस लिहिलेली वही, आणि दम्याचा किंवा आकडीचा इतिहास असेल तर डॉक्टरांचा कागद घेऊन या. बूट साधे धावण्याचे चालतील.